रूझवेल्ट आयलंडवर राहायला जातोय: येण्याजाण्याचं कसं, आणि तक्रार न्यायची कुणाकडे?

जुई_जर्सीसिटी

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या जर्सी सिटीत आहोत. नवऱ्याला कॉर्नेल विद्यापीठाच्या कॉर्नेल टेक या संकुलात नोकरी लागली आहे, म्हणून उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर (मॅनहॅटन आणि क्वीन्स या शहराच्या दोन भागांमधल्या नदीतलं बेट) भाड्याने घर घ्यायचा विचार आहे. माझं काम मॅनहॅटनच्या पूर्व टोकाला, यॉर्क अव्हेन्यूवर. मुलगी दुसरीत आहे. सांगलीहून सासू-सासरे दर वर्षी चार-पाच महिने येतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नकोत.

परवा रविवारी घर बघायला गेलो. बेट आवडलं. नदी, झाडं, गाड्यांची वर्दळ नाही. पण परतताना ट्रॅमला (दोरावरून नदी ओलांडणारा हवेतला डबा) एवढी रांग होती की शेवटी सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने, आलो. तर विचारायचंय ते असं: रोज कामाला जायला ट्रॅमवर भरवसा ठेवता येतो का? सबवेची एफ ट्रेन जाऊन आता एम ट्रेन येते म्हणतात, ते नक्की काय आहे? आमची गाडी ठेवावी की विकावी? आणि ब्रोकर बोलता बोलता म्हणाला, "हे बेट शहर चालवत नाही, राज्य चालवतं." म्हणजे काय? रस्त्यावरचा दिवा गेला तर सांगायचं कुणाला?

तिथे राहणारं कुणी असेल तर कृपया लिहा.

---

गंधार_के

मी शिकत असताना तिथे होतो. ट्रॅम एकदम भारी, तीन-चार मिनिटांत पलीकडे. सकाळी मॅनहॅटनकडे जाताना रांग असते पण हलते. शनिवार-रविवार दुपारी पर्यटकांमुळे खरंच त्रास होतो, त्या वेळी सबवे धरायची. भाडं मात्र जर्सी सिटीपेक्षा कमी पडेल अशी आशा ठेवू नका. बाकीचं इथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. माधवीताई आहेत का इथे?

---

माधवी_१००४४

आहे, आहे. जुई, मी मेन स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतींपैकी एकीत राहते, दोन्ही मुलं इथल्याच शाळेत शिकली. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच अडकली आहेत.

बेटाची जमीन न्यूयॉर्क शहराचीच. पण १९६९ साली शहराने ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राज्याच्या एका महामंडळाला दिली. त्याआधी इथे फक्त रुग्णालयं होती, नाव वेलफेअर आयलंड. त्याही आधी ब्लॅकवेल्स आयलंड म्हणायचे, तेव्हा तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ. भाडेपट्ट्यानंतर सगळ्या उत्पन्नगटांसाठी घरं असलेली वसाहत म्हणून आराखडा झाला, १९७३ मध्ये रूझवेल्टांचं नाव दिलं आणि १९७५ पासून माणसं राहायला आली. मग १९८४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून रूझवेल्ट आयलंड ऑपरेटिंग कॉर्पोरेशन हे महामंडळ केलं. रस्ते, बागा, नदीकाठची भिंत, ट्रॅम, लाल बस, गणवेशातले सार्वजनिक सुरक्षा अधिकारी, हे सगळं त्या महामंडळाकडे.

आपल्या माणसांना चटकन कळावं म्हणून सांगते: नवी मुंबईत १९९२ ला महापालिका येईपर्यंत सिडको जशी सर्वेसर्वा होती, तसं. फरक एवढाच की इथे महापालिका यायची पायरी आलीच नाही. भाडेपट्टा २०६८ ला संपतो, तोवर कारभार असाच.

महामंडळाच्या बोर्डावर नऊ जण असतात. राज्याचे गृहनिर्माण आयुक्त अध्यक्ष, राज्याचे अर्थसंकल्प संचालक पदसिद्ध, बाकीचे सात गव्हर्नर नेमतात. त्यातली दोन नावं महापौर सुचवतात. २००२ साली रहिवाशांनी भांडून कायद्यात बदल करून घेतला, म्हणून आता पाच सदस्य बेटावर राहणारे असावे लागतात. पण नेमलेले, निवडलेले नव्हेत! मागे रहिवाशांनी आपणहून मतदान घेऊन नावं पाठवली होती, ती मानायची सक्ती गव्हर्नरांवर नव्हती. आपल्या दारातला रस्ता ज्यांच्या हाती आहे त्यांना मत देता येत नाही, ही इथली मुख्य गोष्ट आहे. मला ती मनापासून खटकते. जवळपास बारा हजार माणसं राहतात इथे. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला नगरपंचायत असते.

आता व्यवहाराचं. दिवा, फुटपाथ, बाग, ट्रॅम, लाल बस यांच्याबद्दल महामंडळाला कळवायचं. सबवे आणि क्यू १०२ बस एमटीए या वाहतूक संस्थेची, म्हणजे तेही राज्यच, पण वेगळं खातं. फेरी शहराची. क्वीन्सकडे जाणारा पूल शहराच्या वाहतूक विभागाचा. शाळा, वाचनालय, अग्निशमन हेही शहराच्या व्यवस्थेतलं. पोलिसांत गंमत म्हणजे आपण मॅनहॅटनमध्ये मोडतो, पण पोलीस ठाणं क्वीन्समधलं, ११४वं, कारण गाडी यायची वाट तिकडूनच आहे. नवीन माणूस ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या क्रमांकावर, फोन करतो, तिथे सांगतात हे आमचं नाही, आणि मग तो वैतागून सोडून देतो. सोडून देऊ नका. पहिल्याच आठवड्यात कोणतं काम कुणाचं ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

ट्रॅम. १९७६ च्या मे महिन्यात सुरू झाली, सबवे येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून. सबवे यायला १९८९ उजाडलं, तोवर ट्रॅम बेटाची होऊन गेली होती. एप्रिल २००६ मध्ये वीज गेली तेव्हा डबे मध्येच थांबले आणि माणसं कित्येक तास नदीवर अडकली होती. २०१० मध्ये मार्च ते नोव्हेंबर बंद ठेवून सगळी यंत्रणा नवी केली. पूर्वी दोन्ही डबे एकाच दोराच्या फेऱ्यात बांधलेले होते, एक निघाला की दुसऱ्याला निघावंच लागे. आता दोघे स्वतंत्र चालतात, त्यामुळे एकाची दुरुस्ती चालू असली तरी दुसरा सुरू राहतो. भाडं सबवेइतकंच, तेच ओम्नी कार्ड चालतं, आणि पुढे सबवे किंवा बस घेतलीत तर त्याच भाड्यात. डब्यात शंभरावर माणसं मावतात. मॅनहॅटनमध्ये दुसऱ्या अव्हेन्यूवर, साठाव्या रस्त्याजवळ उतरता, तिथून यॉर्क अव्हेन्यूपर्यंत चालत जाता येईल. नाहीतर पहिल्या अव्हेन्यूवरून एम १५ बस उत्तरेकडे जाते. तुमच्या कामासाठी ट्रॅमच बरी.

गर्दीचं मात्र खरं आहे. चेरीला बहर आला की वसंतातले शनिवार-रविवार विचारूच नका. औषधाची पिशवी धरलेले आजोबा आणि फोटो काढायला आलेली तरुण मंडळी एकाच रांगेत. त्या मंडळींना दोष नाही, ट्रॅम सगळ्यांची आहे. पण ज्यांना घरी जायला दुसरी वाट अवघड आहे अशा रहिवाशांना आधी चढू द्यावं, हे आम्ही कित्येक बैठकांत मांडत आलो आहोत, आणि मांडत राहणार.

एफ-एमचं असं: ८ डिसेंबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवार दिवसभर आपल्या स्टेशनवर एम थांबते, एफ त्रेपन्नाव्या रस्त्याखालून जाते. रात्री उशिरा आणि शनिवार-रविवार पूर्वीसारखी एफ. एमटीएचं कारण असं की क्वीन्समधल्या एका सांध्यावर दोन्ही गाड्या एकमेकींना आडव्या जायच्या आणि सगळी लाइन खोळंबायची. ते कारण मला पटतं. पण एम एफइतक्या वारंवार येत नाही, आणि आधीच ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२४ बोगद्यातले रूळ बदलायला एफ बंद होती, तेव्हा वीस-वीस मिनिटांनी येणाऱ्या शटलवर लोकांनी हिवाळा काढला होता. त्यामुळे बेटावर विरोध बराच झाला. मिडटाउनला जाणाऱ्यांना फार फरक नाही, दोन्ही गाड्या रॉकफेलर सेंटर, ब्रायंट पार्क, हेराल्ड स्क्वेअर घेतातच. फरक पडतो तो जॅक्सन हाइट्सला, म्हणजे क्वीन्समधल्या देशी दुकानांच्या भागाला. एफने क्वीन्सब्रिजनंतर पुढचं स्टेशन थेट जॅक्सन हाइट्स. एम मध्ये आणखी पाच स्टेशनं घेते. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गणपतीचं सामान आणायला शनिवारीच जा.

सासूबाईंबद्दल: सबवे स्टेशन जमिनीखाली तीसेक मीटर आहे. लिफ्ट आहेत, पण निघण्याआधी एमटीएच्या संकेतस्थळावर त्या चालू आहेत ना ते बघायची सवय लावून घ्या, कारण सरकते जिने खूप लांब आहेत. ट्रॅमला दोन्हीकडे व्हीलचेअर जाते. आणि लाल बस फुकट आहे, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

त्या लाल बसबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या बेटाची ओळख मला तिथेच झाली. बेटावर व्हीलचेअर वापरणारे खूप आहेत. उत्तरेला कोलर रुग्णालय आहे, दीर्घकाळ उपचार लागणाऱ्यांचं. दक्षिणेला गोल्डवॉटर होतं, ते २०१३ मध्ये बंद झालं आणि त्याच जागेवर तुमच्या यजमानांचं कॉर्नेल टेक उभं आहे. पूर्वीपासून या दोन्ही ठिकाणची माणसं मेन स्ट्रीटवर यायची, त्यातली काही इथेच घर घेऊन राहिली. थांब्यावर बस आली की ड्रायव्हर आधी फळी खाली सोडतो. खुर्ची आत जाते, पुढच्या बाकावरचे लोक न सांगता उठतात, बाक दुमडला जातो, पट्टे आवळले जातात. हे सगळं होईपर्यंत बाहेर रांगेत उभे असलेले उभेच राहतात. ऑफिसला उशीर होत असला तरी कुणी पुढे घुसत नाही. लहान मुलांनाही ते माहीत असतं. एकदा माझ्या मुलाच्या वर्गातला नवा मुलगा मध्येच चढायला गेला, तर दुसऱ्याने त्याची दप्तराची पट्टी धरून मागे ओढलं आणि म्हणाला, "आधी खुर्ची."

गाडीबद्दल इतर लिहितीलच. मला विचाराल तर विका.

---

अस्टोरियाकर

गाडीचं मी सांगतो, आमचं बरंच येणंजाणं आहे तिकडे.

बेटावर गाडी फक्त क्वीन्समधून येते, अस्टोरियातल्या छत्तिसाव्या अव्हेन्यूच्या पुलावरून. हा पूल १९५५ चा. बेटाच्या डोक्यावरून क्वीन्सबरो पूल जातो, पण त्यावरून खाली उतरायला वाट नाही. (पूर्वी त्या पुलावरून गाड्या लिफ्टने खाली उतरवायचे.) सामानाच्या ट्रकवाल्याला आधीच नीट सांगून ठेवा, नाहीतर बेट खाली दिसत राहील आणि तो पलीकडे पोहोचेल.

पूल संपला की समोरच मोटरगेट हे मोठं पार्किंग. कल्पना अशी होती की गाड्या तिथेच ठेवायच्या आणि आत चालायचं. मेन स्ट्रीटवर जागा थोडी आणि वेळेची मर्यादा. महिन्याचं पार्किंग, विमा, शिवाय जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी नेलीत तर दिवसाचे ९ डॉलर. बेट त्या पट्ट्यात येत नाही, पण मॅनहॅटनला गाडीने जायचं म्हटलं तर आधी क्वीन्सला उलटं जावं लागतं. रोज लागणार नसेल तर माधवीताई म्हणतात तेच बरोबर.

मोठ्या खरेदीसाठी पुलापलीकडे व्हर्नन बुलेव्हार्डवर कॉस्टको आहे. पूल चालत ओलांडता येतो.

---

जुई_जर्सीसिटी

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. गाडी विकायचं जवळजवळ ठरलं.

माधवीताई, आणखी दोन-तीन गोष्टी. आम्ही अजून एच-वन व्हिसावर आहोत. मतदान नाहीच, मग बोर्डासमोर आमच्यासारख्यांनी काही बोललेलं चालतं का? दुसरं, सासऱ्यांना बीपीचा त्रास आहे. बेटावर रुग्णालय आहे म्हणून मी निश्चिंत होते, पण तुम्ही "दीर्घकाळ उपचार" लिहिलंत त्याने शंका आली. आणि शाळेचं कसं?

---

माधवी_१००४४

जुई, रुग्णालयाचं आधी, ते महत्त्वाचं. कोलरमध्ये तातडीची सेवा नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर ९११. त्यांना पत्ता सांगताना "मेन स्ट्रीट" एवढंच सांगू नका, मेन स्ट्रीट शहरात इतरत्रही आहेत. "रूझवेल्ट आयलंड" आधी, मग इमारतीचा क्रमांक. गाडीची वाट पुलावरूनच आहे. सासूबाई-सासऱ्यांसाठी ही दोन्ही वाक्यं इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ ठेवा, आणि एकदा त्यांच्याकडून म्हणवून घ्या. बीपीचं नेहमीचं औषध संपायला आलं की लगेच आणा, वादळाच्या दिवसांत ट्रॅम जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात.

आता बोर्ड. व्हिसाचा काहीही संबंध नाही. राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यामुळे बैठक सगळ्यांना बघता येते, ती इंटरनेटवरही दिसते, आणि लोकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो. नाव नोंदवायचं, पाळी आली की बोलायचं. कुणी पासपोर्ट विचारत नाही. मला वाटतं आपल्या लोकांनी इथेच जास्त जायला हवं. आपण आपसात चहाच्या वेळी खूप बोलतो, पण माइकसमोर जात नाही. इंग्रजी बोलायला बिचकतो किंवा "आपण इथले नाही" असं धरून चालतो. घरभाडं भरता, मूल शाळेत आहे, म्हातारी माणसं त्या लाल बसमधून फिरणार आहेत, मग इथले नाही तर कुठले?

बोलताना एकच विषय घ्या आणि जागा-वेळ सांगून बोला. "बस वेळेवर येत नाही" असं म्हटलं की मान डोलवतात आणि पुढचं नाव पुकारतात. "सकाळी आठ ते साडेआठ, ट्रॅमजवळचा थांबा, खुर्चीवरच्या बाईंना लागोपाठ दोन बसमध्ये जागा मिळाली नाही" असं म्हटलं की कुणालातरी लिहून घ्यावं लागतं. लिहून दिलेली प्रत सोबत न्या. आणि जे महामंडळाचं नाही ते तिथे नेऊ नका. एमचं रडगाणं तिथे गाऊन उपयोग नाही, ते एमटीएला आणि आपल्या राज्य विधानसभेच्या प्रतिनिधींना. शहराच्या गोष्टींसाठी मॅनहॅटनचं कम्युनिटी बोर्ड ८ आहे. त्याला हुकूम देता येत नाही, शिफारस करता येते, पण शहराची खाती त्याचं ऐकून घेतात.

महामंडळाच्या पैशाचंही थोडं समजून घ्या, बोलताना जोर येतो. बराचसा पैसा इमारतींकडून येणाऱ्या जमीनभाड्यातून, ट्रॅमच्या तिकिटांतून आणि मोटरगेटच्या पार्किंगमधून येतो. तो आपणच कुठल्या ना कुठल्या रूपाने भरतो. म्हणून अंदाजपत्रकाची बैठक चुकवू नये, रिबिन कापायच्या कार्यक्रमाला नाही गेलात तरी चालेल.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते: जुन्या इमारतींत कचऱ्याची गाडी येत नाही. मजल्यावरच्या झडपेतून पिशवी टाकायची, ती जमिनीखालच्या नळ्यांतून हवेच्या ओढीने बेटाच्या उत्तरेकडच्या केंद्रात जाते. १९७५ पासूनची स्वीडिश यंत्रणा आहे. पहिल्यांदा भिंतीतून तो सुसाट आवाज आला की सासूबाई दचकतील, त्यांना आधी सांगून ठेवा. त्यात हँगर, छत्री, पुठ्ठ्याचे मोठे खोके अजिबात टाकू नका, नळी तुंबली की सगळ्या इमारतीचं काम अडतं.

शाळा पीएस/आयएस २१७, बेटावरच, आठवीपर्यंत. संयुक्त राष्ट्रांत काम करणाऱ्यांची बरीच कुटुंबं इथे राहतात, त्यामुळे वर्गात जगभरची मुलं. मराठी बोलणारं दुसरं मूल असेलच असं नाही, पण घरी वेगळी भाषा बोलणारी तुमची एकटीच मुलगी नसेल, त्याने मुलांना बरं वाटतं. वाचनालय मेन स्ट्रीटवर आहे, २०२१ मध्ये नव्या जागेत आलं. शनिवारी सकाळी मोटरगेटजवळ भाजीबाजार भरतो.

घर कोणतं बघताय ते लिहिलं नाहीत. दक्षिणेकडच्या नव्या इमारतींतून ट्रॅम, सबवे आणि कॉर्नेल टेक सगळं चालत. उत्तरेला ऑक्टॅगन या इमारतीकडे शांत आहे, टेनिस कोर्ट आहेत, पण तिथून दर वेळी लाल बस लागेल.

---

जुई_जर्सीसिटी

दोन्ही बघतोय, एक दक्षिणेला आणि एक ऑक्टॅगनमध्ये. उत्तरेकडचं मोठं आहे, म्हणून मन तिकडे ओढतंय.

---

माधवी_१००४४

मग एक करा. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी आठला ऑक्टॅगनच्या थांब्यावर उभ्या राहा, लाल बसने ट्रॅमपर्यंत या, ट्रॅमने पलीकडे जा आणि ऑफिसच्या दारापर्यंत चाला. किती वेळ लागतो ते बघा. तसंच दक्षिणेकडच्या घरापासून दुसऱ्या दिवशी. रविवारी बघून ठरवू नका. आणि करार करताना शाळेच्या प्रवेशासाठी दोघांचीही नावं करारावर घ्या, पत्त्याच्या पुराव्यांपैकी एक म्हणून शाळेत तो कागद चालतो. प्रवेशाला जाणाऱ्याचं नाव त्यावर नसेल तर आणखी कागद गोळा करत बसावं लागतं.

जूनमध्ये येणार असाल तर आधी कळवा. प्रवेशाचं काम शाळा सुटण्याआधी उरकलेलं बरं.